पांढऱ्या पट्ट्याची होडी

“पट्टो पांढरो आसा. बघा, डोळे फाडून बघा,” म्हणत भिकू तांडेलांनी माझा फोटो उन्हात धरला आणि मग शेजारच्याच्या हातात दिला.

रापणीची जाळी ठेवायच्या मांगरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. फोटो या हातातून त्या हातात फिरत होता. काळा-पांढरा, चांगला मोठा केलेला. दाट धुकं, त्यातून अर्धवट वर आलेली एक काळी होडी, डोक्याला पंचा गुंडाळलेला एकटा माणूस वल्ही मारतोय, चेहरा धुक्यात गडप. होडीच्या भोवती रापणीच्या जाळ्याच्या बोयांची रांग आणि होडीच्या काठाखाली लख्ख पांढरा पट्टा. खरं सांगतो, त्या वेळीही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की फोटो काय झकास उतरलाय!

“आता सांगा,” तांडेल म्हणाले, “आमच्या शिरोवेळात पांढऱ्या पट्ट्याची होडी कोणाची?”

माना सगळ्यांच्या एकाच बाजूला वळल्या. तिथे खांबाला टेकून धाकू कुबल बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, बायको वारलेली, घरात एक विधवा बहीण. बंदरातल्या होड्यांचे पट्टे कोणाचे निळे, कोणाचे हिरवे, कोणाचे लाल. शाळेच्या खिडक्या रंगवून उरलेला पांढरा रंग मास्तरांकडून मागून आणून होडीला फासणारा धाकू एकटाच.

“मी जाळा कापूक नाय,” धाकू म्हणाला. “जाळ्याच्या आत जावकपण नाय.”

“मगे ह्या काय?” तांडेलांनी विचारलं.

“ता माका काय इचारतास? फोटोवाल्याक इचारा.”

तांडेलांनी मला पुढे बोलावलं. “अच्युता, तू सांग. ह्या कागदार जा दिसता, ता खरा?”

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कुडाळात वडिलांचा फोटो स्टुडिओ, गळ्यात रशियन कॅमेरा, आणि डोक्यात अशी हवा की बस्स. तीस माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मी छाती पुढे काढली.

“माणूस खोटा बोलात, तांडेलानू,” मी म्हणालो. “फोटो खोटा बोलणा नाय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या वेळी मात्र मला वाटलं, काय वाक्य टाकलं आपण!

आता झालं होतं काय, तेही सांगतो. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं एकच मोठं जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरायचं, होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडत न्यायचं, दुसरं टोक परत किनाऱ्याला आणायचं, आणि मग बायाबापड्यांसकट अख्ख्या वाडीने दोन्हीकडून ओढत बसायचं. प्रत्येकाचा त्यात वाटा. एकदा जाळं पाण्यात पडलं, की ते वर येईपर्यंत त्याच्या आत दुसरी होडी घालायची नाही, हा नेम. तांडेल म्हणजे या सगळ्याचे मुख्य. पौषातल्या त्या सकाळी धुकं एवढं पडलं होतं की शेजारचा माणूस दिसेना. कोणाची तरी होडी रापणीत शिरली, तिचं सुकाणू जाळ्यात अडकलं, आणि त्या बाबाने हाक न मारता, सरळ कोयता काढून जाळं कापलं आणि पोबारा केला. ओढून काठाशी आणलेले बांगडे त्या भगदाडातून निघून गेले. चार तास ओढणाऱ्या माणसांच्या हाती नुसतं शेवाळ आलं. जाळं फाटतं, ते कोणाला नवीन नाही. पण कोयत्याने कापणं म्हणजे वाडीच्या ताटात माती कालवणं. माणसं पेटली होती.

त्याच सकाळी मी तिथे काठच्या खडपावर, म्हणजे खडकांवर, चढून फोटो काढत होतो. कोल्हापूरच्या एका मंडळाने ‘समुद्र’ या विषयावर स्पर्धा ठेवली होती आणि मला धुक्यातल्या होड्या हव्या होत्या. दोन दिवस तांडेलांच्याच घरी मुक्काम ठोकला होता. द्वारकाकाकी, म्हणजे तांडेलांची बायको, मला पोटच्या पोरासारखं जेवायला वाढत होत्या. धुक्यात कॅमेऱ्याला लाल काच लावली की लांबचं उठून दिसतं, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. लावली. ती काच उजेड खाते, त्यामुळे शटर सावकाश ठेवावं लागलं. तेवढ्यात एक होडी समोरून सरकली आणि मी बटण दाबलं. होडी हलत होती, म्हणून तिच्यावरचा नंबर फिसकटला. बोयांच्या आत आहे की बाहेर, ते बघायला मला शुद्ध कुठे होती! जाळं कापल्याचं कळल्यावर तांडेलांनीच मला म्हटलं, “तुझ्या फोटोत काय गावता काय, ता बघ.” मी कुडाळला जाऊन रोल धुतला, तो एकच फोटो मोठा केला आणि तिसऱ्या दिवशी घेऊन हजर झालो.

मांगरात थोडी कुजबुज झाली. मग तांडेल उभे राहिले.

“शिवीगाळ नको, मारझोड नको. धाकू आपलोच आसा. पण शिमगो होयपर्यंत तेच्या होडयेक कोणी हात लावचो नाय.”

मला वाटलं, एवढंच? एवढ्यावर सोडलं? शहाणा मी! धाकूचा चेहरा बघितला, तेव्हा शंका आली. काळाठिक्कर पडला होता.

उठता उठता तो मला एवढंच म्हणाला, “बरा बोलतंस हां तू.”

हात लावायचा नाही म्हणजे काय, ते मला एस्टीला जाताना किनाऱ्यावर दिसलं. पाण्यात एकटा माणूस होडी हाकतो. वाळूवर मात्र तीच होडी आठ-दहा माणसं मागते. रोज होडी आली की जो असेल तो धावतो. वैर असलं तरी धावतो. ज्याच्याशी तीन पिढ्या कोर्टात भांडतायत त्याचीही होडी ओढायची आणि मग परत भांडायला जायचं, अशी तिथली रीत. धाकूची होडी पाण्याच्या कडेला आडवी झाली होती. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने बहीण खांदा लावत होती. होडी बोटभरही सरकत नव्हती. पंधरा-वीस बाप्ये वर बसून जाळी विणत होते. एकानेही मान वर केली नाही.

“चार दिसांनी पुनव,” माझ्याबरोबर चालणारा एक म्हातारा म्हणाला. “उधाण येतला. होडी दगडार आपटान फुटतली.”

“मग?”

“मग काय? धाकूचा प्वाट फुटला म्हणायचा.”

मी एस्टीत बसलो. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण कापताना नव्हतं का कळत, असंही वाटलं. आणि सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू? आपल्या फोटोने चोर पकडला, याचा अभिमान. कुडाळ येईपर्यंत तो मी गोंजारत बसलो होतो.

पुढचे दोन दिवस स्टुडिओत लग्नाच्या फोटोंची गडबड होती. तिसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या फ्रेम काढायला बसलो. रोलच्या शेवटी द्वारकाकाकींचा फोटो होता. त्या सकाळी मी निघायच्या घाईत असताना त्या नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून दारात उभ्या राहिल्या होत्या. “माझो एक काढ रे. लग्नानंतर फोटो म्हणान काढूक नाय कधी.” कॅमेऱ्यावरची काच काढायचा मला कंटाळा आला. काळ्या-पांढऱ्या फोटोत काय फरक पडतोय, म्हणून तसाच काढला.

कागद डेव्हलपरच्या पाण्यात हलवला तसा हळूहळू चेहरा वर आला. डोळे आले, नथ आली, मंगळसूत्र आलं. हिरव्या बांगड्या काळ्याभोर आल्या. कपाळ मात्र कोरं. त्या एवढं ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू लावतात, आणि फोटोत त्याचा मागमूस नाही.

सुवासिनीचा असा फोटो घेऊन मी तांडेलांच्या दारात उभा राहिलो, तर परत जिवंत यायचो नाही. मग आठवलं, अरे, आपला धंदा काय! बारीक ब्रश घेतला, शाई घेतली आणि सुकलेल्या फोटोवर कुंकू काढायला बसलो. टेकवणार एवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

“लाल काच लावून काढलंस काय रे गाढवा?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“कसं कळलं! लाल काचेतून लाल रंग पांढराच येतो. एवढं माहीत नाही आणि स्पर्धेला निघालास?”

ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. मी उठलो, तो होडीचा फोटो काढला आणि बाबांच्या समोर ठेवला. “आणि हा पट्टा?”

बाबांनी चष्मा वर केला. “काच तीच होती?”

“तीच.”

“मग पांढराही असेल, लालही असेल. या फोटोवरून कोणाच्या बापाला सांगता यायचं नाही.”

धाकू ‘मी नाय’ म्हणाला होता. तो खरं बोलत असेल, तर ती होडी लाल पट्ट्याची. आणि शिरोवेळात लाल पट्ट्याची होडीही एकच होती. तांडेलांच्या मुलाची, उल्हासची. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सूळ रोवणारा मी.

बाबांना मी सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, मनात हेही येत होतं की गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे? कोल्हापूरच्या पत्त्याचा लिफाफा टेबलावर तयार पडला होता. ज्यांच्या घरी चार घास खाल्ले, त्यांच्याच पोराचं नाव घ्यायचं?

बाबांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. “कुंकू तू लावशील रे. त्या माणसाची होडी कोण लावणार वर? उद्या पुनव ना?”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी तांडेलांच्या घरी पोचलो. काकी ओटीवर सुकट निवडत होत्या. मला बघून हात पुसत उठल्या. “माझो फोटो इलो?”

मी काही सांगायच्या आत त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा. हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. हात आपोआप कपाळाला गेला.

“अरे, माझा कुंकू खंय गेला?”

तांडेल आतून बाहेर आले. फोटो बघितला आणि दुसऱ्या क्षणी माझी कॉलर त्यांच्या मुठीत. “मेल्या, घोव जितो आसताना बायलेचा कपाळ पुसलंस? माझ्या घरात जेवलंस मां रे तू?”

“मारा, तांडेलानू, पण पयला आयका!” मी ओरडलो. खिशातून लाल काच काढली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली. “ही काच होती कॅमेऱ्यार. हेच्यातसून लाल आणि पांढरा सारख्याच दिसता. कुंकवाचा झाला, तसाच...”

“तसाच काय?”

“तसाच पट्ट्याचा झाला आसतला.”

त्यांची मूठ सैल पडली. काकींनी माझ्या हातातून काच घेतली. आत गेल्या, करंडा घेऊन आल्या, कॅलेंडरच्या पांढऱ्या पाठीवर चिमूटभर कुंकू ठेवलं आणि एक डोळा मिटून काचेतून बघितलं. काच बाजूला केली. परत बघितलं.

“दिसणा नाय,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “त्या सकाळी उल्हास इलो, चाय न घेता झोपलो. दुपारी उठान सुकाणू तासूक बसलो. मी इचारलंय, काय झाला? तर म्हणता, दगडार आपाटला.”

“गप रव.”

“माका तेव्हाच कायतरी वाटलेला.”

“गप रव म्हणतंय मा!”

तांडेल ओटीवर बसले. बाहेर समुद्राचा आवाज वाढत चालला होता. भरती चढत होती. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “ह्या आनिक कोणाक सांगलंस?”

“आमच्या बाबांक. गावात कोणाक नाय.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगात चालतंच. त्या माणसाने मला तेव्हा ‘गप रव’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. मला स्वतःची खात्री नाही. पण काकींनी तेवढी वेळच येऊ दिली नाही. त्यांनी पदर खोचला.

“त्या धाकूची भयण चार दिस पाण्यात उभी रवान होडी धरता. बायलमाणूस. तुमका दिसना नाय, माका दिसता. तुम्ही सांगणत नसल्यास तर मी सांगतंय.” आणि काच मुठीत घेऊन त्या निघाल्याच. तांडेल दोन क्षण बसून राहिले, मग उठून त्यांच्या मागून चालू लागले. शेवटी मी.

किनाऱ्यावर पाणी वर आलं होतं. धाकूची होडी दर लाटेला उचलली जात होती आणि खालच्या खडपावर धाडकन बसत होती. धाकू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ती दगडापासून लांब ढकलत होता. बहीण दोर धरून बसली होती. वरच्या बाजूला माणसं उभी होती, नुसती बघत. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नेम तो नेम. आणि त्याच वेळी, नेमकी, उल्हासची होडी समुद्रातून परत येत होती.

काकींनी पहिल्या माणसाच्या हातात काच दिली. “बघ. धाकूच्या होडयेचो पट्टो बघ, आनि मगे उल्हासाच्या होडयेचो.”

त्याने बघितलं. काच खाली घेतली, पुन्हा लावली. “दोनव सारखेच दिसतत!”

“तुज्याकडची दी पुढे,” काकी म्हणाल्या.

काच हातोहात फिरली, जसा चार दिवसांपूर्वी माझा फोटो फिरला होता. मी मोठ्याने सांगितलं, “चूक माझी. फोटोत लाल पट्टोपण पांढरोच दिसतलो, ह्या माका कळूक नाय.” कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. सगळे तांडेलांकडे बघत होते.

उल्हासची होडी काठाला लागली. “हात लावा रे!” तो ओरडला. कोणी हललं नाही. मग त्याला वडील दिसले, आई दिसली, माणसांच्या हातातली काच दिसली. त्याला त्या काचेतलं काही कळलं नसेल, पण आईचा चेहरा कळला.

“त्या दिवशी रापणीत तू होतंस?” तांडेलांनी विचारलं.

चांगला सव्वीस वर्षांचा बाप्या, पण खाली मान घालून उभा राहिला. “सुकाणू अडाकला, बाबा. धुक्यात कायच दिसा नाय. भियालंय मी.”

“कापलंस, ता एक. धाकूर आळ इलो, तेव्हा तोंड खंय होता तुजा?”

तांडेल वळले. आवाज फुटत होता, तरी मोठ्याने बोलले, “धाकूची होडी पयली वर घ्या. आनि जो नेम धाकूक, तोच उल्हासाक. शिमगो होयपर्यंत हेच्या होडयेक कोणी हात लावचो नाय. मीपण नाय.”

माणसं धावली. वीस-पंचवीस जण पाण्यात घुसले, ‘हेस्सा, हेस्सा’ करत धाकूची होडी उचलल्यासारखी वर आणली. तळाची एक फळी तडकली होती, पण होडी वाचली. बहीण मटकन खाली बसून हुंदके द्यायला लागली. कोणी धाकूच्या पाठीवर हात ठेवला, कोणी ‘चुकला आमचा’ म्हणालं. धाकू पंचा पिळत उभा होता.

आता आडवी झालेली होडी उल्हासची. लाट आली, होडी उचलली गेली आणि खडपावर बसली. लाकडाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. उल्हास एकटा खांदा लावून रेटत होता, पाय वाळूत रुतत होते. तांडेल हात मागे बांधून उभे, मान समुद्राकडून फिरवलेली. काकींनी तोंडाला पदर लावला.

दुसरी लाट आली. धाकूने पंचा खांद्यावर टाकला आणि पाण्यात उतरला.

“धाकू,” तांडेल म्हणाले, “नेम आसा.”

“होडयेन काय केल्यान?” धाकू म्हणाला आणि त्याने उल्हासच्या शेजारी खांदा लावला. “अरे, रेट मेल्या, रडतंस काय? लाट येयत तेव्हाच उचल!”

एक क्षण सगळे थबकले. मग एक उतरला, दुसरा उतरला, आणि बघता बघता अख्खी वाडी पाण्यात. तांडेल तेवढे जागेवरून हलले नाहीत, पण त्यांचे खांदे गदगदत होते. मीही चपला काढल्या आणि धावत जाऊन धाकूच्या बाजूला मोकळी जागा होती तिथे होडीला हात लावला.

धाकूने माझ्याकडे बघितलं. आपला खांदा काढून घेतला आणि होडीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

होडी वर आली. माणसं दमून वाळूत बसली. कोणीतरी विडी पेटवली, कोणीतरी उल्हासच्या डोक्यात टपली मारली. धाकू जरा लांब बसून पायाला लागलेलं बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “धाकूदादानू, माझा चुकला.” त्याने मान वर केली नाही. शेजारच्या माणसाला म्हणाला, “ह्या फोटोवाल्याक सांग रे, कुडाळची एस्टी दीडाक सुटता.”

एक वाजल्यापासून मी थांब्यावर उभा होतो.